पाणी लागत नाही

ऐरोली, सेक्टर सात. रो-हाऊसची मागची बाजू,
अठरा फूट बाय बत्तीस.
कढीपत्ता तेवढा ठेवा, सुलभा म्हणाली,
म्हणून दशरथ केणीने हिरव्या गुंडाळीत
एक गोल कापला,
लाटलेल्या पोळीतून वाटीने पुरी पाडावी तसा.

खाली खडी, वर ग्रिट, उतार गटाराकडे.
जोडावर पट्टी, पट्टीवर असला चिकटा
की त्याच्या वासाने दोन दिवस डोकं धरलं.
मग वाळू, ब्रशने मुळाशी जिरवलेली,
पोराच्या टाळूवर तेल जिरवतात तशी.

"पाणी लागत नाही, साहेब.
खत नाही, कापणी नाही.
आठ वर्षं ढुंकून बघू नका."

मे महिन्यात मृण्मयी बॅट घेऊन अनवाणी उतरली
आणि तिसऱ्या पावलाला
किंचाळत परत.

आता रोज साडेचारला
मी नळी धरून उभा.
प्लास्टिकमधून वाफ निघते.
गच्चीवरून प्रधान विचारतात,
"काय, वाढलं का?"

वाढलंय की.
कढीपत्त्याच्या गोलात, वीतभर लव्हाळा.
उपटायचा राहिलाय.
तिथे चेंडू अडकला
तर पळाल तेवढ्या धावा,
असा आमच्याकडे नियम आहे.