तिसऱ्या मजल्याचं प्रेशर

दर शनिवारी संध्याकाळी सातला
लालबागच्या वाचनालयाच्या माळ्यावर
आम्ही सहा जण थापा मारायला शिकतो.
कर्णिकबाई शिकवतात.
चौतीस वर्षं ट्रॉम्ब्याला होत्या,
तिथे काय करत होत्या ते सांगत नाहीत.
चष्म्याला काळी दोरी, आणि नियम एकच :
एका गोष्टीत थाप एक.
बाकी सगळं लाइटबिलासारखं खरं.

मी घाग. महापालिकेत, पाणीखात्यात, चावीवाला.
पहाटे चारला शिवडीच्या गल्ल्यांतून
खांद्यावर लोखंडी चावी टाकून निघतो.
कुठे किती आटे फिरवले की
कुणाच्या मोरीत पाणी चढतं,
हे मला पाढ्यांसारखं पाठ.

पहिली गोष्ट लिहिली ती मंगळावर.
कॅप्टन विक्रांत, आकाशात दोन सूर्य,
दर पानाला एक स्फोट.
बाईंनी वाचली, पेन्सिल कानामागे खोचली :
"घाग, तुमचा कॅप्टन लघवीला कुठे जातो?"
सगळे हसले.
मी नाही.
परळपर्यंत चालत गेलो, आणि खरंच,
कुठे जातो?

नफीसा मुकादम दातांच्या कॉलेजात आहे.
तिचा ड्रॅगन माहुलच्या रिफायनरीवर
ज्योतीशी पाठ शेकत झोपतो,
आणि त्याची दाढ किडलीय.
भुलीची सुई किती फुटांची लागेल,
जबड्याला टेकू कशाचा द्यायचा,
रुग्ण शिंकला तर चेंबूरचं काय होईल,
हे ती इतकं शांतपणे वाचते
की आमचे हात आपोआप
आपापल्या गालाला जातात.

मग मी दुसरी लिहिली.
गल्लीत एक व्हॉल्व्ह, नकाशावर नसलेला,
झाकणावर डांबराचे तीन थर.
तो उघडला की नळाला पाणी नाही,
वेळ येतो.
(वेळ येते असं नव्हे. ती सगळ्यांवरच येते.)
रोज पस्तीस मिनिटं.
लोक हंडे लावतात, पिंपं लावतात,
वरून फडकं बांधून झाकून ठेवतात.
कुणी परीक्षेच्या आदल्या रात्री काढतं वाटीभर,
आणि सरमळकरीण दोन कळशा
केईएमच्या चौथ्या वॉर्डात घेऊन जाते, रिक्षाने,
सांडू नये म्हणून मांडीवर धरून.

वाचून झालं. माळ्यावर फक्त पंखा.
मला वाटलं, जमलं.
बाई म्हणाल्या,
"तिसऱ्या मजल्यावर प्रेशर किती?"

सतरा वर्षं चावी फिरवतोय,
आणि हे मी विसरलो होतो.

पुन्हा बसलो. आता
तळमजल्याने मोटर लावलीय,
ते वेळाने स्कूटर धुतात.
तिसऱ्यावर नळ नुसता फुसफुसतो,
बुडाशी तीन-चार सेकंद.
तिथली हिर्लेकरांची मुलगी
आठ वर्षं झाली, पहिलीतच आहे,
तोच फ्रॉक, तोच पडायला आलेला दात.
आणि चावीवाला?
त्याला दर महिन्याला पाकीट येतं,
तळमजल्याच्या गल्लीला दोन आटे जास्त,
मागच्या गल्लीला दोन कमी.

ही ओळ लिहिताना पेन थांबलं.
बायकोने विचारलं, शाई संपली का?
म्हटलं, हो.

शनिवारी बाईंनी वही घेतली,
नेहमीसारख्या थापा मोजल्या,
समासात आकडा लिहिला : १.
पाकिटाच्या ओळीखाली रेघ नव्हती, खूण नव्हती.
वही परत देताना माझ्याकडे पाहिलंही नाही.
नफीसाने पाहिलं.

गोष्टीला शेवट अजून नाही.
तीन लिहिले. तिन्हींत मुलगी मोठी होते,
तिन्ही खोटे वाटतात,
आणि थापेचा कोटा तर आधीच संपलेला.

मंगळवारी पहाटे मागच्या गल्लीत चावी लावली.
वर तिसऱ्याच्या गॅलरीत दिवा होता,
बादलीची कडी वाजली.
आटे मोजले.
रोज सात असतात.
नऊ झाले.