दोन पारे

कोंग बंदरात, जुन्या जकात कचेरीमागे
पांढऱ्या जाळीदार पेटीत दोन तापमापक टांगलेत.
एक कोरडा.
दुसऱ्याच्या पायात मलमलीचा ओला मोजा.

मेहरंगीज दर तीन तासांनी पेटी उघडते,
दोन आकडे वहीत उतरवते
आणि वजाबाकी करते.
बाकी जितकी मोठी, तितकी हवा तहानलेली:
मलमलीतून घोट घोट पाणी उचलते,
जाताना पाऱ्याची ऊबही घेऊन जाते.
उत्तरेचा वारा असला की बाकी पंधरा, कधी सोळा.
तेव्हा शेवटचा सदरा दोरीवर पडेपर्यंत पहिला वाळलेला,
आणि कोनाड्यातलं मडकं पाझरून पाझरून
इतकं गार, की दात शिवशिवतात.

आज शर्जी आहे.
आखातावरून आलेली ही हवा
जेवून उठलेल्या पाहुण्यासारखी,
कितीही आग्रह करा, घास घेत नाही.

सहाला बाकी तीन.
नऊला दोन.
मडकं ओलं, पण कोमट.
दोरीवर कालचेच कपडे.

वडील, दुरमोहम्मद, लाकडी लेंजच्या पोटात
फळ्यांच्या फटींत तेलकट कापूस ठोकतायत.
त्यांच्या घामाला जायला जागा नाही.
कपाळावरून भुवईत, भुवईतून हनुवटीवर,
टपकन फळीवर,
आणि फळीवरही तसाच.
"तुझा पारा खोटारडा आहे," ते म्हणतात, "चौतीस कसले?"
चौतीसच, बाबा. जीव घेते ती बाकी.
त्यांना बाकी म्हणजे किराणा दुकानातली तेवढी ठाऊक.
ते हसतात. मग हसायचं थांबतात,
हातातला हातोडा कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नाही.

ती त्यांना दंडाला धरून कचेरीत आणते.
एसी अठरावर. खुर्ची, मिठाचं पाणी,
पायांवर ओला टॉवेल.

मध्यरात्री पुन्हा पेटी. टॉर्चच्या उजेडात
दोन्ही पारे एकाच रेघेवर.
परतताना पाहते, खिडकीची काच बाहेरून घामेजलेली.
दिवसभर जिने एक थेंबही घेतला नाही
ती हवा थंड काचेला टेकली मात्र,
पोटातलं सगळं ठेवून गेली.

तिच्या लिपीत शून्य म्हणजे नुसता ठिपका.
ती काचेवर बोट टेकवते.
ठिपक्यातून आत दिसतात वडील, जागे,
तिच्याकडेच बघत.
तेवढ्यात एक थेंब ठिपक्यातून सुटतो,
सरळ खाली ओघळतो,
उभी रेघ.

आतून त्यांचा आवाज, काचेमागून दबलेला:
"एक झाली का गं?"