मजकूर तपासून घ्यावा

कसबा बावड्यात कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. वीस रुपये पान, स्टॅम्पचे वेगळे.
भाडेकरार, वारसदाखले, नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं.
बावीस वर्षं लोकांच्या भांडणांना मी समास सोडत आलोय.

हिंदुराव गवळी आले तेव्हा मी डबा उघडला होता.
गंगावेशीत संध्याकाळी म्हैस उभी करून
गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढणारे.
मिशीला फेस लागतो, तेवढीच त्यांची जाहिरात.
नोटीस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, रेशनकार्डासारखी.
चौदा पानं. इंग्रजी.
"वाच बाबा. पोरगी म्हणती लई वंगाळ हाय."

गुन्हा असा:
तालमीच्या भिंतीवरच्या फळ्यावर,
जिथं मयताची वेळ लिहितात, पाणी कधी येणार ते,
आणि कुस्तीचा निकाल,
तिथं त्यांनी खडूनं लिहिलं,
______ कंपनीची पेंड घातल्यापासनं
माझ्या दोन म्हशी आटल्या. बघून घ्या.

(नाव गाळलंय. मलाही उद्या टेबल लावायचंय.)

नोटिशीत फळ्याचं माप होतं, तीन बाय चार.
तेवढ्यात झालेलं अब्रूनुकसान, पाच कोटी.
मी शून्यांवर बोट ठेवत गेलो,
हिंदुराव बोटाकडं बघत राहिले.
"एवढ्यात म्हशी किती येत्यात?"
गंगावेशीपासून पंचगंगेच्या घाटापर्यंत रांग लागेल
आणि वळून परत येईल, इतक्या.
मी म्हटलं, बऱ्याच.

अब्रू हा शब्द मी शेकडो वेळा टंकलाय.
बायकांची, जावयांची, एकदा एका सरपंचाची.
कंपनीची पहिल्यांदाच.
जिच्या दारात जाऊन हाक मारावी
तर दार कुठल्या गावात ते कुणाला ठाऊक नाही,
तिची अब्रू गेली ती नेमकी कुठून निघाली?
हे मी विचारलं नाही.
विचारायचे पैसे मिळत नाहीत.

इंगवले वकिलांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं:
जिंकाल हो तुम्ही.
पण केस दिल्लीत. तारखेला तुम्ही गाडीत,
तर इकडं धार कोण काढणार?
कायदा एवढाच होता. बाकी तेरा पानं कागद.

मग माफीनामा. बिनशर्त.
'सदर विधान निराधार, गैरसमजातून व खोडसाळपणे केलेले'
असं मी वाचून दाखवलं.
"खोडसाळ म्हंजे?"
"पोरं करतात तसलं."
"मी अडुसष्टचा हाय," म्हणाले आणि सही केली,
मोठ्या अक्षरात, खाली घसरत जाणारी.
अट अशी की हीच माफी त्याच फळ्यावर, महिनाभर.

तिकडून सहज जात होतो.
नाही, मुद्दाम गेलो.
माफी होती. शब्दन्‌शब्द माझा, एक वेलांटी चुकलेली नाही.
तिच्याखाली उरलेल्या खडूनं:
आजचं दूध. चंद्री पाव लिटर. मोरणी काही नाही.
कुणाचं नाव नाही, कसली तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, चंद्रीचं आणखी कमी.
तिसऱ्या दिवशी शेजारी दुसरं अक्षर, तिसरी म्हैस.
मग दुधाळीतली एक, शिंगणापूरच्या दोन.
मयताची वेळ आता कोपऱ्यात तिरपी लिहावी लागते.

परवा एक इनशर्टातला माणूस आला,
हातात फळ्याचा रंगीत फोटो.
"हे इंग्रजीत टाइप करून पाहिजे. जेवढं आहे तेवढंच."
जेवढं होतं तेवढंच केलं.
अकरा म्हशी, त्यांची नावं, त्यांच्यापुढं आकडे.
इंग्रजीतही आकडा आकडाच राहिला.
तो कागद उलटा करून बघत होता,
मागं काही लिहिलंय का.

वीस रुपये झाले, म्हटलं.
आणि मजकूर तपासून घ्या साहेब,
नंतर तक्रार चालत नाही.