पक्का रंग

पिवळा रंग टाकीत निळा असतो.
रंगखात्यात पहिल्या दिवशी हे कळलं नाही
तर मुकादम कानाखाली देऊन कळवायचा.
कॉस्टिक, हायड्रोस, ऊन पाणी,
सूत बुडवलं की निळंशार,
बाहेर काढून दांडीवर टाकलं
की वारा लागून हळूहळू हळद.
तेवढा वेळ थांबावं लागतं.

डॉक्टर फेल्डनर आले छप्पन्न साली,
सोलापूरच्या मे महिन्यात,
गिरणीच्या चिमणीची सावलीसुद्धा चटका द्यायची तेव्हा.
भाषा जर्मन, कार्डावरची कंपनी अमेरिकेची.
मॅनेजर म्हणाले, हरलेल्यांचा माणूस
जिंकलेल्यांनी पगारावर ठेवला,
म्हणजे बघा केवढा हुशार.
आम्ही बघितलं.

हुशारच होते.
नुसत्या वासावरून सांगायचे, हायड्रोस किती कमी पडलं.
शेंगाचटणी दह्यात कालवून खायचे,
डोळ्यांतून पाणी, तरी हसायचे.
कोपरापर्यंत हात धुवायला मला त्यांनीच शिकवलं.
हा चादरीवरचा मोर वर्षभर उन्हात टांगा, म्हणाले,
उडणार नाही.
उडाला नाही.

दिवाळीच्या ऑर्डरी चालू होत्या.
ब्लीचखात्यात क्लोरिनच्या नळकांड्याची चावी सुटली.
पिवळट हिरवं काहीतरी फरशीवरून सरपटत आलं
आणि आम्ही उपरणी तोंडावर धरून पळालो.
दाजी पेठेतला सायन्ना गुर्रम मागे राहिला.
ओढून अंगणात आणला तेव्हा
डॉक्टर त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसले,
एक हात नाडीवर,
दुसऱ्यात घड्याळ.
मला म्हणाले, वही धर.
माझी इंग्रजी चौथी झालेली, म्हणून लॅबमध्ये मी.
ते सांगत गेले, मी लिहीत गेलो:
मिनिट, ठोके, ओठांचा रंग.
चार. सात. अकरा.
सोळाला थांबले.
टांगा बोलवा, असं कुणी म्हटलं का, आठवत नाही.
आम्हाला वाटलं, काय माणूस आहे,
मरणाऱ्याचा हात सोडला नाही.
सायन्नाची आई त्यांच्या पाया पडली.

चौकशीचा अहवाल त्यांनीच दिला.
चावी जुनी, छाती मुळात कमजोर.
आईला तीनशे रुपये.
मला बढती.

एकोणऐंशीत भाचा अंबादास
टेक्स्टाईल शिकायला तिकडे गेला.
त्याचं पाकीट आलं, आत एका फोटोची झेरॉक्स.
मामा, तुमचे डॉक्टर हेच का?
हेच.
काळपट कागदावर घड्याळाचा पट्टासुद्धा तोच.
खाली अंबादासनं बारीक अक्षरात उतरवलेलं:
बंद खोली. दाराला काचेचं भोक.
मिनिट, ठोके, ओठांचा रंग.
नावांच्या रकान्यात नंबर.

खटला उभा राहीपर्यंत
वही समुद्रापार गेली होती
आणि वहीच्या मागोमाग तो.
आरोपींच्या यादीत एक नाव खोडलेलं,
शेजारी शेरा:
हा माणूस दुसरीकडे हवा आहे.

चाळीस वर्षं मी सूत पांढरं केलं,
मला माहीत आहे, डाग काढायला काय काय लागतं.
पण माणूस असा शुभ्र करायचा
तर फिर्यादीच गिऱ्हाईक व्हावा लागतो,
हे गणित आमच्या खात्यात नव्हतं.
की होतं?
तीनशे रुपयांवर अंगठा घेताना
शाईचा डबा मीच धरला होता.

डॉक्टर जाताना आमचीही वही घेऊन गेले.
कुठल्यातरी थंड कपाटात असेल अजून.
अक्षर माझं आहे.

सायन्नाची मुलगी कन्ना चौकात विड्या वळते.
परवा सूप बाजूला ठेवून म्हणाली,
दादा, बापाचं शेवटचं तुम्हीच पाहिलंत,
काही बोलला होता का?
नाही, म्हणालो.

बोलला होता.
नवव्या मिनिटाला.
नीळ्ळु, म्हणाला. पाणी.
वहीत त्याला रकाना नव्हता.