रकाना सात

कोलशेतला खाडीकडे उतरताना उजव्या हाताला
आवंढ्याचं तळं.
पाटीवर आता लेक व्ह्यू फेज टू.
सहा दिवस मी तिथे जाळं टाकलं,
मजुरी रोजाची, गमबूट स्वतःचे.

पहिल्या दिवशी चिलापी. दुसऱ्या दिवशी चिलापी
आणि एक मांगूर, मिशीला पतंगाचा मांजा.
तिसऱ्या दिवशी कारंज्याच्या मोटरीत अडकलेलं
कुणाचं तरी मंगळसूत्र;
चौकीत जमा केलं, पावती घेतली.

काजळी नाही.

बोटाच्या दोन पेरांएवढी. डोळ्यापासून शेपटीपर्यंत
काळी रेघ, घाईत निघालेल्या बाईनं ओढावी तशी.
जगात फक्त ह्या साडेतीन एकरांत,
असं कॉलेजातल्या बरणीवरची चिठ्ठी सांगते.
बरणीतली रेघ केव्हाच उडाली.
फॉर्मालिननं मासा राखला,
काजळ नाही राखलं.

सहाव्या दिवशी कठड्यावरून पोशीबाई तरे म्हणाल्या,
"कवाधरनं बगतेय तुला. काय हरवलाय?"
मी फोटो दाखवला.
"अगो, काजली!"
काजळी, मी लिहिता लिहिता पुटपुटले.
"ल म्हन, ल. आमच्या तोंडान ती काजलीच."

खायची नाही ही मासळी.
नवी सून आली की सासू दोन धरून आणायची,
रांजणात सोडायची. डासाची अंडी ठेवत नाही.
पाणी नासलं तर आधी ती वर येते, तोंड उघडून.
"आमी तिला इचारून पानी प्यायलेलो."

मग मला जिन्यानं वर नेलं. तिसरा मजला, पत्रा,
निळी टाकी, झाकणाच्या जागी जुनं लुगडं बांधलेलं.
लुगडं सारलं.
मी मोजू लागले, त्या थांबेनात.
नऊ. किंवा अकरा.
"तल्यान भरनी पडली त्या राती बालदीन आनल्या.
पोराला सांगू नको,
त्याना घर बिल्डरला दिलाय, दिवालीपर्यंत."

रकाना सात: अधिवास.
पर्याय तळे, नदी, ओढा. एकावर खूण करा.
कळवलं तर गाडी येईल, ऑक्सिजनच्या पिशव्या येतील,
आणि पिशवीतून सोडायला
पाणी कुठलं, हे कुणी लिहिलेलं नाही.
नाही कळवलं तर दिवाळी.

पोशीबाईंनी त्याच टाकीतून पेला भरला. "पी."
मी आधी आत पाहिलं,
मग त्या नऊ-अकरांकडे.
सगळ्या खाली होत्या, तळाशी, आपापल्या कामात.
प्यायले.

सात कोराच आहे अजून.
रकाना एकमध्ये मात्र, स्थानिक नाव,
ळ खोडला.