सात भोकं

भिलारे सरांनी बादलीला सात भोकं पाडली
पंपघराच्या पायरीवर बसून,
मेणबत्तीवर खिळा तापवत.
जळक्या प्लॅस्टिकचा वास, क्लोरीनचा वास,
तळजाईवरून उतरलेली डिसेंबरची थंडी.
सुतळीचं एक टोक कडीला, दुसरं माझ्या कमरेला.
"ने हिला पलीकडे. सोळा फेऱ्या."

सहकारनगर, पहाटे साडेपाच, तिसरी लेन.
मी पाणी मागे ओढत होते
आणि ती निळी बादली मला,
खेळण्यांच्या दुकानासमोर फतकल मारून बसलेल्या
पोरासारखी.

सर दुपारी शाळेत विज्ञान शिकवायचे,
सकाळी आम्हाला.
दुप्पट वेगानं जा, पाणी चौपट अडवतं, म्हणायचे.
पाणी म्हणजे स्वारगेटचा रिक्षावाला,
तुमची घाई बघून भाडं सांगतो.
म्हणून घाई दिसू द्यायची नाही.
मान वर काढलीस की कंबर बुडते,
कंबर बुडाली की तू मासा नाहीस,
अर्धवट उघडं दार आहेस.
समोर काय बघतेस? भिंत आहे.
ती कुठे जात नाही.

आणि तळव्याखाली जे अडतंय त्याला शिव्या देऊ नकोस,
ते अडलं नसतं
तर जागच्या जागी हात मारत बसली असतीस.

चौदावं लागलं.
खांदे रुंदावले त्याचं कौतुक झालं,
आत्या तेवढी म्हणाली, हिचे ब्लाउज शिवणार कोण.
मग बाकीचं अंगही भरलं,
त्याबद्दल कुणी बोललं नाही.
घड्याळ बोललं.
शंभर मीटरला दोन सेकंद जास्त,
पुढच्या महिन्यात सव्वादोन.
तेच पाणी, पण सोसायटीच्या नव्या वॉचमनसारखं
दर फेरीला नाव विचारणारं.
सरांनी स्टॉपवॉच शर्टाला पुसलं,
जणू चूक काचेची असावी.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"होडी नवी आहे, शलाका.
जुन्या वल्ह्यांना सवय व्हायला वेळ लागेल."

त्यानंतर बादली जरा हलकी वाटायला लागली.
मला वाटलं, ताकद आली.

बालेवाडीला कमरेला काही नव्हतं.
पहिले वीस मीटर
घरी गॅस बंद केलाय का, तसलं काहीतरी
मागे राहिल्यासारखं.
पाचवी आले.
डब्यातला पोळीचा लाडू खाल्ला, बसनं परतले.

सोमवारी पाय धुवायला
बादली नळाखाली धरली, उचलली.
पाणी पायांवर पडलं
आठ धारांनी.
मी पुन्हा मोजल्या.
सर पाठमोरे,
क्लोरीनची पावडर मगानं मोजत होते,
पुटपुटत,
आकडा चुकू नये म्हणून.