पंच

परचुरेबाईंनी कार्ड पुढे सरकवलं:
'पी'मधला हा एवढाच राहिलाय, सोमवारी द्या.
टिळक रोडवर तिसऱ्या मजल्यावर आमचं इंग्रजी-मराठी कोशाचं ऑफिस.
पंखा लावला की शब्द उडतात,
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एक जुनं बेअरिंग.
बेअरिंगं मी आणली, भोसरीहून.

पहिला अर्थ: पेय.
दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला,
पाच जिन्नस म्हणून पंच.
काही जण म्हणतात, छे, तो पिंपाचा शब्द.
बाईंना पाचच हवेत.
"आपला आहे हो तो. गोऱ्यांनी उचलला, गलबतात घातला."
माहेरच्या भांड्यावरचं नाव वाचावं
तसा त्यांचा आवाज होतो.
मी लिहिते: संस्कृत पञ्च, बहुधा.
'बहुधा' त्या खोडतात.
मी पुन्हा घालते.

दुसरा: ठोसा. मूळ निराळं, लॅटिनकडचं,
टोचणं, खुपसणं.
पहिल्याशी नातं नाही, नुसतं आडनाव एक.
तिसरा, दुसऱ्याच्याच घरातला:
पत्र्याला भोक पाडायचं हत्यार.

इथे पेन थांबतं.

सेक्टर दहा. पन्नास टनांचा पॉवर प्रेस.
वर पंच, खाली डाय, मध्ये पत्रा,
आणि पत्र्यामागे अप्पांचा हात.
दिवसाला सहा हजार वॉशर.
वॉशरच्या पोटातून पडलेल्या टिकल्या
अप्पा डब्यातून घरी आणायचे,
आम्ही त्यांनी दुकान-दुकान खेळायचो.
सेन्सर बिघडलेला होता,
म्हणजे बंद ठेवलेला होता,
कारण तो चालू असला की चारच हजार पडतात.

आठ वाजून दोन मिनिटांनी अप्पांनी गेटवर कार्ड पंच केलं.
अकरा चाळीसला करंगळी गेली, आणि अनामिका.
नाव नसलेलं बोट, हेच तिचं नाव,
हे मला या ऑफिसात आल्यावर कळलं.

मग पंचनामा. त्याला पंच दोन लागतात.
एक टपरीवाला धनाजी, ज्यानं काही पाहिलं नव्हतं.
एक रज्जाकचाचा, ज्यांनी सगळं पाहिलं होतं
आणि ज्यांना वाचता येत नव्हतं.
'कामगाराचे स्वतःचे निष्काळजीपणामुळे.'
चाचांनी अंगठा दिला.
त्यात काय लिहिलंय ते संध्याकाळी कळलं,
तर कित्येक दिवस तो अंगठा विजारीला पुसत राहिले.

हा अर्थ कार्डावर येत नाही.
हा पंच आपला, तो त्यांचा;
कोशात दोघांची गाठ पडत नाही.
भोसरीत पडली.

रविवारी विचारलं, अप्पा, पंच म्हणजे काय?
"कुठला? राउंड का ऑब्लाँग?"
मग तासभर चहा गार होऊ दिला.
पंच नि डायमध्ये फट किती ठेवायची,
कमी ठेवली तर पंच तुटतो,
जास्त ठेवली तर भोकाला धार राहते, हात कापतो.
किती, हे पुस्तकात असतं,
पण ऐकायचं कानानं.

खाली भाजीवाली आली.
अप्पांनी गॅलरीतून हात वर केला: मेथीच्या पाच.
तिनं तीन जुड्या पिशवीत टाकल्या.
"पाच म्हटलं ना!" अप्पा ओरडले,
आणि तोच हात पुन्हा हलवला.
ती नवीन असावी.

सोमवारी बाई कार्ड वाचतात.
'बहुधा'वर थबकतात, राहू देतात.
तिसऱ्या अर्थाखाली वाक्य आहे:
पंच बोथट झाला की प्रेसचा आवाज बदलतो.
"छान आहे. कुठल्या ग्रंथातलं?
आधाराचा रकाना कोरा ठेवलात."

पेन घेऊन भरते:
तोंडी. भोसरी.